विषय क्रमांक नऊ

सलील : एकतीस.

उल्हास : पुन्हा मोज.

सलील : सर, तीनदा मोजले. एकतीस शब्द आहेत, लिमिट तीसची. ‘सविनय’ काढा.

उल्हास : ‘सविनय’ काढला तर ती दूतावासाची तार राहत नाही. भांडणाची चिठ्ठी होते.

सलील : मग ‘फर्निचर’ काढा.

उल्हास : विषयच फर्निचर आहे, सलील.

सलील : तेच म्हणतोय. अंबॅसडर सरांच्या देशात दुसऱ्यांचं लष्कर बसलंय, आणि आपण तिथल्या मंत्रालयाला कळवतोय की मस्कतमधल्या त्यांच्या दूतावासात दोन खुर्च्या मोडल्यात. अंबॅसडर सरांना खरंच हे पाठवायचंय?

उल्हास : त्यांना विचारायचं होतं की सध्या आपलं सरकार कोण आहे. ती तार परत आली. ‘विषय यादीत नाही.’ त्या लष्कराने मंजूर केलेल्या यादीत अकरा विषय आहेत. त्यातल्या त्यात त्यांना खुर्च्याच जवळच्या वाटल्या.

सलील : आता कुठे आहेत सर?

उल्हास : गच्चीत. जास्वंदाला पाणी घालतायत. गेले अकरा आठवडे तेच आपलं परराष्ट्र धोरण आहे.

एकनाथ : चाय ठेवतंय. साखर कमी घातलंय, उल्हासराव. आज सोमवार.

उल्हास : माहीत आहे, एकनाथ.

एकनाथ : आठवड्याक एकच तार जाता. ती सोमवारी जाता. आणि तुमी खुर्च्यांचा लिवतास.

उल्हास : एकनाथ, दर सोमवारी तेच काय सांगू तुला? घरगुती मजकूर चालत नाही. एक जरी सापडला तरी लाइन नव्वद दिवस बंद.

एकनाथ : चालू ऱ्हवान तरी काय करता ती?

सलील : काका, काय झालंय? मी जॉइन झाल्यापासून बघतोय, तुम्ही दर मंडेला इथे दारात उभे राहता. मला वाटायचं मशीन बघायला येता.

एकनाथ : मशीन काय बगूचा? खाबुरा गावातल्या एका शेतावरसून आणला तेवा मीच धुतलंय. आत कोंबडी बसलेली. तीन अंडी गावली.

उल्हास : खरं आहे ते. नव्या अर्बाबांना, म्हणजे तिथल्या नव्या लष्करी मालकांना, इंटरनेट नको. फोन नको. ईमेल नको. त्यांना जे पूर्ण वाचता येईल तेच हवं, म्हणून तार. आपलं तारयंत्र पंधरा वर्षांपूर्वी भंगारात दिलं होतं, ते शोधून आणावं लागलं. आणि इथे तार करता येणारा मी एकटा. तोवर मी फायलींना टॅग लावायचो.

सलील : आणि मला त्यांचं रूलबुक वाचायला ठेवलंय. चौसष्ट पानं. काका, तुमचं काय ते सांगा ना.

एकनाथ : माझा चेडू आसा थय.

सलील : चेडू?

उल्हास : मुलगी. शिवांगी. नर्स आहे, तिथल्या राजधानीत, सरकारी रुग्णालयात. चार वर्षं झाली.

एकनाथ : कुडाळाक नर्सिंग केल्यान. मी साहेबांका एकोणीस वर्सां रांदून घालतंय, कधी काय मागूक नाय. एकदाच मागलंय. म्हटलंय, साहेब, माझ्या चेडवाक तुमच्या देशात नोकरी लावा. साहेबांनी त्याच दिवशी पत्र दिल्यानी. मोठ्या मनाचो माणूस. मेल्यान मगे नाय म्हणूक व्हया होता.

सलील : फोन वगैरे?

एकनाथ : बारा आठवड्यांमागे इलो होतो. म्हणाली, बाबा, चार्जिंग संपता हा, मगे करतंय. संपला.

सलील : पण इंडियन एम्बसी?

उल्हास : आपली एम्बसी तिथून उठून शेजारच्या देशात गेलीय. लोकांना बसने बाहेर काढतायत, हळूहळू. यादीत हिचं नाव आहे. पण यादीतला माणूस तिथे आहे का, हे सांगायचं काम नव्या अर्बाबांचं. आणि ते सांगत नाहीत.

एकनाथ : टीव्हीर दाखवल्यानी ता हॉस्पिटल. अर्धा होता. माका काय नको. जिती आसा की नाय, येवडाच. दोन शब्द. तुमचे अठ्ठावीस खुर्च्यांका ऱ्हवांदेत.

उल्हास : जिवंत माणसाचं नाव तारेत घालता येत नाही, एकनाथ. कलम बावीस. साहेबांचं स्वतःचं नाव घालता येत नाही. आम्ही खाली ‘दूतावास’ अशी सही करतो.

सलील : एक मिनिट. जिवंत माणसाचं नाही. असंच आहे ना?

उल्हास : असंच आहे.

सलील : म्हणजे विषय नऊ.

उल्हास : सलील, नको.

सलील : सर, मी फक्त वाचून दाखवतो. विषय नऊ, शोकसंदेश. ‘केवळ या विषयात मृत व्यक्तीचे नाव, हुद्दा व ठिकाण देण्यास मुभा आहे.’ पुढे कलम तेवीस. ‘शोकसंदेशातील नाव मृतांच्या नोंदवहीशी ताडून पाहिले जाईल. नोंद असल्यास संदेश पोचता केला जाईल. नोंद नसल्यास योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ योग्य ती कार्यवाही म्हणजे काय?

उल्हास : परत.

सलील : नक्की?

उल्हास : अरे, मी तारखात्यात काढलीत वर्षं. पत्ता चुकला, योग्य ती कार्यवाही. माणूस सापडला नाही, योग्य ती कार्यवाही. म्हणजे कागदावर शिक्का मारायचा आणि जिथून आला तिथे परत. सरकारी कचेरीला कागद परत पाठवण्याशिवाय दुसरं काही करताच येत नाही.

सलील : मग काका, सिंपल आहे. आपण शिवांगीताई गेल्या म्हणून दुखवट्याची तार करायची. पोचली तर... ते सोडा. परत आली तर ताई ओके.

एकनाथ : काय म्हणालंस?

सलील : म्हणजे टेक्निकली...

एकनाथ : माझ्या जित्या चेडवाक मी मारू? ह्या तोंडान? सकाळी देवाक फुला घातलंय मी ह्या हातान! तुज्या आवशीन तुका असा शिकवल्यान? इंग्लिश मिडियमात?

सलील : सॉरी काका.

उल्हास : एकनाथ, बस. खुर्ची नको, मोडकी आहे ती. स्टुलावर बस.

एकनाथ : बसूक येऊक नाय मी.

उल्हास : ऐक तर. मी नोकरीला लागलो तो सावंतवाडीच्या तार ऑफिसात. बावीस वर्षांचा होतो, पुण्याचा. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ काउंटरवर आले. स्वतःच्या हाताने फॉर्म भरला : ‘बापू काल वारले, ताबडतोब निघा.’ मी म्हटलं, फार वाईट झालं, पाठवणाऱ्याचं नाव लिहा. तर लिहिलं, बापू.

एकनाथ : कावळो बसलो असतलो डोक्यार.

उल्हास : तेच. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं. म्हटलं, बसा थोडे, डॉक्टरना बोलवतो.

सलील : सॉरी, काय बसला डोक्यावर?

एकनाथ : कावळो. कावळो डोक्यार बसलो म्हणजे मरणाची खूण. मगे काय करूचा, तर मेलंय म्हणान खोटीच तार धाडूची पावण्यांका. ती रडली की मरण फसता. तेका वाटता, हय काम झाला, चला फुडे. मगे दुसरी तार धाडूची, खुशाल आसंय म्हणान.

सलील : म्हणजे यमाला फेक न्यूज.

एकनाथ : माझी आत्ये रखमाबाय तशी दोनदा मेली. मगे नव्वद वर्सां जगली. शेवटाक खरीच मेली तेवा कोण येऊकच नाय.

उल्हास : मी त्या ऑफिसात अशा कितीतरी तारा केल्या, एकनाथ. सगळी माणसं दुसऱ्या दिवशी बाजारात भाजी घेताना भेटायची. एकालाही काही झालं नाही.

एकनाथ : पण हिच्या डोक्यार कावळो खय बसलो?

उल्हास : बसला नाही तर काय? अख्खं लष्कर बसलंय.

सलील : इथल्या कावळ्यांचा तर काही रोलच नाही. मस्कतमध्ये त्यांना पकडायची मोहीम चालू आहे. आपल्या बिल्डिंगवर दोन होते, तेही दिसत नाहीत.

एकनाथ : गप रे. उल्हासराव, कोणी तरी रडूक व्हया. नायतर ता मरण फिटत नाय. थय त्या कचेरीत कोण रडतलो? लष्कराचो कॅप्टन?

सलील : त्यांच्या फॉर्ममध्ये रडण्याचा कॉलम नाहीये.

उल्हास : मीराबाईंना, शिवांगीच्या आईला, फोन कर गावाला. त्यांना...

एकनाथ : नाय. तिच्या आवशीक नाय. तिका मी सांगलंय, थयला नेटवर्क खराब आसा. ती अजून रोज फोन चार्जिंगला लावन बसता. एकदा रडली तर दुसऱ्या तारेसर जिती ऱ्हवाची नाय.

उल्हास : बरं. मग तूच सांग. करू की नको?

एकनाथ : परत येतली मा?

उल्हास : माणूस जिवंत असेल तर तार परत येते. माझ्या नोकरीची शपथ.

एकनाथ : मगे लिवा. पण एक करा. समजा, चुकान तिच्या हातात गेली, तर भिवूक नको ती. कावळ्याचा लिवा.

सलील : शोकसंदेशात कावळा?

उल्हास : बसतो. ‘परिचारिका शिवांगी परब, सरकारी रुग्णालय, यांच्या निधनाने दूतावास शोकाकुल आहे. घरच्या कावळ्यासही दुःख झाले.’ मोज.

सलील : चौदा. सर, अजून सोळा शिल्लक आहेत. खुर्च्यांचं पण टाकू?

उल्हास : आण ते इकडे. सही घेऊन येतो.

एकनाथ : साहेबांका सांगशाल मा, खोटा आसा म्हणान?

उल्हास : आधी तेच सांगतो.

सलील : काका, चहा गार झाला. दुसरा करू का? मला येतो. म्हणजे, यूट्यूबवर बघितलाय.

एकनाथ : नको. माझ्या किचनात कोण जाऊचा नाय.

सलील : ओके.

एकनाथ : तुज्या आवशीचा काडूक नको होता मी. सांग तिका.

सलील : काय सांगू? ‘आई, एका काकांनी तुझी माफी मागितलीय, का ते विचारू नकोस’?

एकनाथ : व्हय. तसाच सांग. ...इले.

उल्हास : झाली सही.

एकनाथ : काय म्हणाले?

उल्हास : मी सांगितलं, साहेब, हे खरं नाही, एक पद्धत आहे आमच्याकडे. म्हणाले, समजलं. चष्मा काढला. म्हणाले, तिचं शिफारसपत्र मीच लिहिलं होतं. आणि रडायला लागले. बराच वेळ.

सलील : पण खोटं आहे म्हणून सांगितलं ना तुम्ही?

उल्हास : दोनदा. मला वाटतं, अकरा आठवड्यांत त्यांना रडायला यादीतला विषय मिळत नव्हता.

एकनाथ : पण रडले ते.

उल्हास : रडले.

एकनाथ : मगे फिटला. धाडा.

(दहा दिवसांनी. तीच खोली, सकाळ. तारयंत्र चालू होतं.)

एकनाथ : कायतरी येता. उल्हासराव, येता बगा!

उल्हास : येऊ दे. ओढू नको कागद, फाटेल.

सलील : विषय नऊ आहे. आपलंच उत्तर.

एकनाथ : पोचली की परत?

उल्हास : थांब. ‘आपला शोकसंदेश मिळाला. सदर नावाची नोंद आढळली नाही.’

एकनाथ : नाय म्हणजे?

उल्हास : मेलेल्यांच्या वहीत नाव नाही.

एकनाथ : नाय! वयीत नाय! जिती आसा! रे सलील, जिती आसा माझा चेडू! देवा म्हाराजा! मी शिरो करतंय. आता करतंय. साहेबांकय देतंय, पोलिसाकय देतंय गेटारच्या. तुप आसा की नाय बगूक व्हया.

सलील : काकांनी मला मिठी मारली. सर, फोटो काढायचा होता.

उल्हास : एकनाथ, जरा थांब.

एकनाथ : काय थांबूचा आता?

उल्हास : अजून एक ओळ आहे.

एकनाथ : काय ती?

उल्हास : ‘कलम तेवीसप्रमाणे योग्य ती कार्यवाही केली आहे.’

एकनाथ : म्हणजे परत केल्यानी. तुमीच म्हणालास.

सलील : सर, पण परत कुठे केलीय? आपली तार सोबत नाहीये. शिक्का नाही.

उल्हास : हो.

सलील : दुसरा कागद येतोय. हाही विषय नऊ. पण मंत्रालयाकडून नाही. सरकारी रुग्णालय, परिचारिका कक्ष. तारीख कालची.

एकनाथ : वाच. उल्हासराव, तुमी वाचा. तो गडबड करता.

उल्हास : ‘परिचारिका शिवांगी परब यांच्या निधनाने दुःख झाले. त्या कर्तव्यदक्ष होत्या. कालही कामावर हजर होत्या. गुरुवारच्या बसमधील त्यांची जागा नोंदीनुसार रद्द झाली. वडिलांनी कावळ्यास दोष देऊ नये. आईला इतक्यात सांगू नये.’

सलील : बरोब्बर तीस.

एकनाथ : तिनाच लिवल्यान ह्या. ‘आईला’ म्हणता. तिनाच लिवल्यान. ...कालय कामार होती. मगे निधन कोणाचा?

उल्हास : माझं व्हायला हवं होतं.

एकनाथ : नीट सांगा माका.

उल्हास : त्यांच्या वहीत तिची नोंद नव्हती, एकनाथ. आणि दूतावासाची सहीशिक्क्याची तार आली की ती गेली. राजदूतांची सही. मग त्यांनी योग्य ती कार्यवाही केली. नोंद नव्हती, ती केली.

एकनाथ : मेली म्हणान?

उल्हास : मेली म्हणून.

एकनाथ : आपल्या तारेन?

उल्हास : मी समजलो, परत करतील. आमच्याकडे परतच करायचे. मी एक ओळ नीट वाचली नाही. इतकी वर्षं सरकारी कागद वाचतोय, मला वाटलं मला कळतात.

सलील : नोंद झाली, म्हणून आपली तार ताईंपर्यंत पोचती केली. आणि मेलेल्या माणसाचं नाव लिहायला परवानगी आहे, म्हणून ताई आता स्वतःबद्दल लिहू शकतात. त्यांनी त्यांचीच दुखवट्याची तार केलीय. सेन्सॉरने वाचलीच नसेल. मोजली फक्त.

एकनाथ : बसचा काय म्हणता ती?

उल्हास : यादीत तिचा नंबर लागला होता. बसमध्ये जागा मिळाली होती. आपल्याला कळवलं नाही कोणी.

एकनाथ : गुरुवारची बस.

उल्हास : हो.

एकनाथ : आज काय वार?

सलील : गुरुवार, काका.

एकनाथ : किती वाजता सुटता?

उल्हास : सकाळीच सुटतात त्या.

एकनाथ : तिच्या जाग्यार दुसरा कोण बसला असतला. जावंदे. त्याची तरी आवस वाट बगीत असतली.

उल्हास : एकनाथ, मी आत्ता साहेबांकडे जातो. सोमवारी दुसरी तार करू. खुलाशाची. चूक झाली, सदर व्यक्ती जिवंत आहे.

सलील : कलम बावीस, सर. जिवंत माणसाचं नाव घालता येत नाही.

उल्हास : मग मृत्यूच्या नोंदीची दुरुस्ती. तिचं काहीतरी कलम असेलच. बघ.

सलील : आहे. एकतीस. ‘नोंद रद्द करण्यासाठी मृत व्यक्तीने सीमेवरील कार्यालयात स्वतः हजर राहावे. सोबत निर्गमन परवाना जोडावा.’

एकनाथ : आणि तो परवानो?

सलील : ‘निर्गमन परवाना केवळ हयात व्यक्तींना देण्यात येईल.’ मी हे बनवत नाहीये, काका. यावेळी नाही.

एकनाथ : तुमच्या सावंतवाडीक दुसरी तार किती वेळान जाय?

उल्हास : तासाभराने. खुशालीची. माणसं रडून व्हायच्या आत पोचायची कधी कधी.

एकनाथ : हय दुसरी तारच नाय.

उल्हास : नाही. मला कळायला हवं होतं.

एकनाथ : तुमका कित्याक? कावळो मीच घालूक सांगलंय. ...साहेबांका काय सांगशाल?

उल्हास : खरं ते सांगीन.

एकनाथ : नको. ते पुन्ना रडतले. कोणाच्या नावान रडतले, ता तेंका कळूचा नाय. एक सांगा. ती मेली आसा तवसर तिचा नाव तारेत घालूक गावता?

उल्हास : हो. विषय नऊमध्ये.

एकनाथ : दर सोमवारी?

उल्हास : आठवड्याला एक तार. ती सोमवारी.

एकनाथ : तीस शब्द.

उल्हास : तीस शब्द.

एकनाथ : मगे खुर्च्या ऱ्हवांदेत.

उल्हास : राहू देत.

सलील : लाइन गेली तर, सर? एकाच बाईचा दुखवटा दर आठवड्याला...

उल्हास : लोकप्रिय होती, म्हणून सांगू. कागद लाव.

एकनाथ : लिवा. ‘कैलासवासी शिवांगीक येळार जेवूची सवय होती.’ तिका कळतला, बापूस इचारता म्हणान.

सलील : सहा शब्द झाले, काका. चोवीस उरलेत.

एकनाथ : उरांदेत. ते तिच्या आवशीचे.